गाण्यांतून आणि खेळांतून इंग्रजी : बडोद्यात लहान मुलांचा वर्ग सुरू करणाऱ्यांसाठी

बडोद्यातल्या मराठी घरातले चार-पाच वर्षांचे मूल इंग्रजीकडे येते, तेव्हा भाषेच्या बाबतीत ते मुळीच कोरे नसते. घरात आजी-आजोबांशी ते मराठी बोलते, सोसायटीच्या अंगणात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गुजराती बोलते आणि टीव्हीवरच्या कार्टूनमुळे हिंदीही त्याच्या तोंडात बसलेली असते. कोणाशी कोणती भाषा बोलायची हे त्याला कोणी बसवून शिकवलेले नसते. माणसांबरोबर वागता-खेळताना त्याने ते उचललेले असते. घरी, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा एखाद्या मंडळाच्या खोलीत चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी इंग्रजीचा छोटा वर्ग प्रथमच सुरू करणाऱ्या ताई-दादांसाठी हा लेख आहे. इंग्रजीही मुलांनी याच वाटेने उचलावे, असा त्याचा आग्रह आहे.

इंग्रजी गाणी आपल्याकडे भरपूर शिकवली जातात. बालवर्गातले मूल आठ-दहा इंग्रजी कविता हातवाऱ्यांसह म्हणून दाखवते आणि पाहुणे कौतुकही करतात. परंतु त्या कवितांमधला एकही शब्द त्याला पाणी मागताना किंवा चेंडू मागताना सुचत नाही. असे होते, कारण गाणे पाठ झाले की आपण ते बाजूला ठेवतो आणि दुसरे घेतो. खरे काम तेव्हाच सुरू व्हायला हवे. गाण्यातले वाक्य सुटे करून खेळात आणावे, त्या वाक्यात मुलाला स्वतःचा शब्द घालू द्यावा आणि त्या शब्दाप्रमाणे प्रत्यक्ष काही घडवून आणावे. वर्षभरात अशी बारा-पंधरा गाणी झाली तरी ती पन्नास पाठ कवितांपेक्षा मुलाच्या अधिक उपयोगी पडतात.

वर्गाची तयारी

पहिल्या गटात सहा ते आठ मुले पुरेत. संख्या दहाच्या पुढे गेली की मुलांचा बराचसा वेळ आपल्या पाळीची वाट पाहण्यात जातो आणि खेळाचा रंग उतरतो. चार-पाच वर्षांची आणि सहा-सात वर्षांची मुले शक्यतो वेगवेगळ्या वेळी घ्यावीत, कारण मोठी मुले उत्तरे पटापट देतात आणि लहानांना गप्प बसण्याची सवय लागते. आठवड्यातून एकदा दीड तास घेण्यापेक्षा तीन दिवस अर्धा-अर्धा तास घेणे कितीतरी चांगले, कारण ऐकलेला शब्द विसरण्याआधीच तो पुन्हा कानावर पडतो. एप्रिल-मे महिन्यांत बडोद्याच्या उन्हात संध्याकाळीही भिंती तापलेल्या असतात, म्हणून त्या काळात वर्ग सकाळी घ्यावा.

साहित्य घरातलेच असावे. एक सतरंजी, मऊ चेंडू, कापडी पिशवी, दोन-तीन रंगीत ओढण्या, एक डफली आणि रोजच्या भाज्या, फळे, वाट्या, चमचे एवढ्यावर कित्येक महिने निघतात. चित्रांच्या कार्डांपेक्षा खरा टोमॅटो हातात देणे केव्हाही श्रेयस्कर, कारण तो दाबता येतो, हुंगता येतो, लपवता येतो आणि शेवटी चिरून सगळ्यांना वाटताही येतो.

मोबाइलवर गाणे लावून मुलांसमोर ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. ध्वनिमुद्रित गाणे मुलासाठी थांबत नाही, अडलेली ओळ पुन्हा म्हणत नाही आणि मुलाच्या डोळ्यांत पाहून हसतही नाही. आपला आवाज गोड नसला तरी काही बिघडत नाही. मुलांना ओळखीच्या माणसाचा आवाज पुरतो. ध्वनिमुद्रणाचा खरा उपयोग शिकवणाऱ्याला आहे. वर्गाच्या आदल्या दिवशी ते लक्षपूर्वक ऐकावे, शब्दांवरचे आघात कोठे पडतात ते ओळखावे आणि मोठ्याने म्हणून पाहावे.

अर्ध्या तासाची आखणी साधी ठेवावी. रोज त्याच स्वागताच्या ओळींनी सुरुवात, मग एक जुने गाणे, नव्या गाण्याचा छोटा भाग, धावपळीचा एक खेळ, बसून खेळायचा एक खेळ आणि ठरावीक निरोप. कोणताही प्रकार पाच-सात मिनिटांपेक्षा लांबवू नये आणि मुले रंगात असतानाच तो थांबवावा. अनुक्रम रोज तोच असला की पुढे काय येणार हे मुलांना कळते आणि सूचना इंग्रजीत दिल्या तरी ती गोंधळत नाहीत.

गाणे कसे निवडावे

नवख्या शिक्षकाने गाणे निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. ओळी आखूड असाव्यात, तीच वाक्यरचना पुन्हा पुन्हा यावी, प्रत्येक ओळीबरोबर शरीराने काहीतरी करता यावे आणि निदान एक शब्द बदलता यावा. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच सहसा पाहिली जात नाही. परंपरेने चालत आलेली पुष्कळ इंग्रजी बालगीते चालीला उत्तम असली तरी त्यांतले शब्द जुने आहेत. त्यांतला बर्फ आणि तिथल्या शेतावरची कामे आपल्या मुलांनी पाहिलेली नसतात. ठेक्यासाठी त्यांतली दोन-तीन जरूर घ्यावीत, पण वर्गाचा मुख्य आधार आपण रचलेल्या साध्या ओळींवर ठेवावा. उदाहरणार्थ, खंडेराव मार्केटमधून आणलेल्या भाजीच्या पिशवीवर अशा दोन ओळी रचता येतात :

व्हॉट इज इन माय बॅग टुडे?
अ रेड टोमॅटो! येस, हुर्रे!

मिरची निघाली तर दुसरी ओळ बदलते : अ ग्रीन चिली! रन अवे! आणि मुले खरोखरच भिंतीकडे पळतात. या दोन ओळींत एक प्रश्न आहे, एक रंग आहे, एक नाम आहे, एक आज्ञा आहे, आणि पिशवीतली वस्तू बदलताच गाणे नवे होते.

एक गाणे, चार बैठका

पहिल्या बैठकीत मुलांना काहीही म्हणायला लावू नये. आपण ओळ म्हणावी, पिशवीत हात घालावा, वस्तू बाहेर काढावी आणि कृती करून दाखवावी. मुलांनी फक्त पाहावे आणि बरोबर कृती करावी. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेली टोटल फिजिकल रिस्पॉन्स ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे : आधी आज्ञा ऐकायची, शरीराने तिला प्रतिसाद द्यायचा, आणि बोलणे मागाहून आपोआप येऊ द्यायचे. तान्हे बाळही ‘इकडे ये’, ‘टाळ्या वाजव’ हे बोलू लागण्याच्या कितीतरी आधी समजू लागते. काही मुले कित्येक आठवडे तोंड उघडत नाहीत, आणि पालक अस्वस्थ होतात. शिक्षकाने मात्र मुलाच्या हातापायांकडे पाहावे. ‘पुट इट डाऊन’ ऐकून मुलाने चेंडू खाली ठेवला असेल, तर त्याला वाक्य समजले आहे, आणि त्या दिवशी तेवढे पुरेसे आहे.

दुसऱ्या बैठकीत तीच ओळ म्हणताना शेवटच्या शब्दाआधी थांबावे. ‘व्हॉट इज इन माय बॅग…’ एवढे म्हणून भुवया उंचावल्या की दोन-तीन मुले ‘टुडे’ म्हणून जातात. त्यांचे नाव घेऊन कौतुक करण्याची गरज नसते. गाणे पुढे चालू ठेवणे हीच त्यांना मिळालेली दाद असते. तिसऱ्या बैठकीत गटाचे दोन भाग करावेत, एकाने प्रश्नाची ओळ म्हणावी आणि दुसऱ्याने उत्तराची, आणि थोड्या वेळाने बाजू बदलाव्यात. प्रश्न विचारण्याची संधी मुलांना मिळणे फार महत्त्वाचे आहे. वर्गात प्रश्न नेहमी शिक्षकच विचारतो, त्यामुळे मुलांना उत्तरे येतात पण विचारता येत नाही, आणि मोठेपणीही ही उणीव राहते.

चौथ्या बैठकीत पिशवी मुलांच्या हाती द्यावी. एकेका मुलाने घरून एक वस्तू लपवून आणावी आणि सगळ्यांनी गाण्यातून विचारावे. येथे मुलाला असा शब्द लागतो जो आपण शिकवलेला नाही. कोणी आईची बांगडी आणते, कोणी आजोबांचा चष्मा. तो शब्द त्या क्षणी सांगावा, गाण्यात बसवावा आणि गटाकडून एकदा म्हणवून घ्यावा. गरज पडली तेव्हा मिळालेला शब्द मुलांच्या लक्षात राहतो. यादीतून दिलेला शब्द राहीलच असे नाही.

खेळ

नवा खेळ आणि नवी भाषा एकाच वेळी शिकवू नये. मुलांना आधीपासून येणारा खेळ घ्यावा, म्हणजे नियम समजावण्यात वेळ जात नाही आणि फक्त शब्द बदलतात. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ पुष्कळ मुलांना ठाऊक असतो. त्यातल्या आज्ञा ‘टच युअर नोज’, ‘स्टँड ऑन वन फूट’ अशा इंग्रजीत दिल्या की खेळ तसाच रंगतो. मात्र चुकलेल्या मुलाला बाद करू नये. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे तोच बाहेर बसतो, हा या खेळाचा मोठा दोष आहे. त्याऐवजी चुकणाऱ्याने पुढची आज्ञा द्यावी. विष-अमृतात ‘फ्रीझ’ आणि ‘मूव्ह’ हे शब्द येतात, लपाछपीत ‘बिहाइंड द डोअर’, ‘अंडर द टेबल’ येते, आणि डोंगर-पाण्यात ‘हिल’ आणि ‘वॉटर’ ऐकताच उडी मारावी लागत असल्यामुळे कान तयार होतात.

बसून खेळायच्या खेळांत मला सर्वांत उपयुक्त वाटतो तो खिरापत ओळखण्याचा. भोंडल्याच्या शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत प्रश्न विचारून ओळखण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि बडोद्यातल्या अनेक मराठी घरांतल्या मुलांनी ती पाहिलेली असते. डबा झाकून मध्ये ठेवावा आणि मुलांनी ‘इज इट स्वीट?’, ‘इज इट राउंड?’, ‘इज इट यलो?’ असे विचारावे. डबा आणणाऱ्याने ‘येस, इट इज’ किंवा ‘नो, इट इजन्ट’ एवढेच उत्तर द्यावे. सुरुवातीला विचारण्यासाठी पाच-सहा विशेषणे पुरतात. मुलांना उत्तर खरोखरच माहीत नसते आणि ते हवे असते, म्हणून हे प्रश्न मनापासून विचारले जातात. शेवटी खाऊ मिळतो, ही गोष्टही लहान नाही. खाऊ आणणाऱ्या घराला शेंगदाणे, दूध वगैरे कोणत्या मुलाला चालत नाही हे आधी कळवावे.

सणांचा असाच उपयोग करता येतो. उत्तरायणाच्या आठवडाभर आधीपासून मुलांच्या बोलण्यात पतंगाशिवाय काही नसते, तेव्हा कागदी पतंग करून रंग, ‘अप’, ‘डाऊन’, ‘पुल’, ‘लेट गो’ हे सारे घेता येते :

रेड काइट, ब्लू काइट, अप इन द स्काय,
पुल द स्ट्रिंग अँड मेक इट फ्लाय.

थंडी सुरू झाली की एखादी बैठक कमाटीबागेत न्यावी. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या या बागेत प्राणिसंग्रहालयही आहे, त्यामुळे प्राण्यांची नावे पुस्तकातून घोकण्याची गरज उरत नाही. जाण्यापूर्वी ‘आय कॅन सी अ…’ एवढी एकच वाक्यरचना पक्की करून न्यावी; तेथे मुलांना जे दिसेल ते त्यात घालू द्यावे. चार मुलांमागे एक मोठे माणूस असल्याशिवाय मात्र मुलांना बाहेर नेऊ नये.

ठेका आणि उच्चार

मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखे वजन मिळते. इंग्रजीत अर्थाचे मुख्य शब्द जोराने येतात आणि मधले लहान शब्द घाईने, अस्फुट म्हटले जातात. ‘बॉईज फ्लाय काइट्स’ आणि ‘द बॉईज आर फ्लाइंग द काइट्स’ या दोन्ही वाक्यांना ठोके तीनच आहेत, दुसऱ्यात शब्द अधिक असले तरी. ही गोष्ट सांगून समजत नाही, पण टाळीवर लगेच येते, आणि येथे बडोद्याच्या मुलांना मोठा फायदा आहे, कारण तीन टाळ्यांचा गरबा त्यांच्या अंगात भिनलेला असतो. मुलांना गोलात उभे करून तीन टाळ्यांवर आधी छोटे वाक्य म्हणावे आणि टाळ्यांची गती न बदलता मोठे वाक्य म्हणावे. ‘द’ आणि ‘आर’ आपोआप आखडतात. गाण्यांतून इंग्रजी शिकवण्याचे सर्वांत मोठे भाषिक कारण हेच आहे : चाल ठेका धरून ठेवते आणि मूल इंग्रजीचा खरा डौल नकळत आत्मसात करते.

उच्चारांत सगळे एकदम सुधारायला जाऊ नये. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि ‘वन’ म्हणताना ओठांचा चंबू होतो, हे आरशात पाहून मुले हसत-हसत शिकतात. ‘फिश’मधला पहिला उच्चारही दात ओठावर टेकवून, वारा सोडून करायचा असतो, ‘फळ’मधल्या मराठी फ प्रमाणे दोन्ही ओठ मिटून नव्हे. ‘झू’ शब्दासाठी मराठी मुलांना ‘जरा’मधला ज जवळचा पडतो, तेथून त्यांना पुढे नेता येते. गुजरातीच्या सहवासामुळे काही मुले ‘हॉल’ आणि ‘होल’, ‘स्नॅक’ आणि ‘स्नेक’ सारखेच म्हणतात. त्यांच्यासाठी खोलीच्या एका भिंतीवर खाऊचे आणि दुसऱ्या भिंतीवर सापाचे चित्र लावावे. शब्द ऐकला की मुलांनी योग्य भिंतीकडे धावावे. कानाला भेद कळला की जीभ मागोमाग वळते, म्हणून आधी ऐकण्याचा खेळ आणि नंतर म्हणण्याचा, हा क्रम सोडू नये.

मराठीचे स्थान

वर्गात मराठी बोलायचीच नाही असा नियम करू नये. मूल पडले, घाबरले, त्याला शू लागली किंवा घरची आठवण आली, तर त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावे. नवा नियम समजावतानाही दोन वाक्ये मराठीत सांगून खेळ सुरू करावा आणि मग खेळ इंग्रजीत चालवावा. गटात गुजराती घरांतली मुले असतील तर त्यांना गुजरातीत सांगावे. बहुतेक बडोदेकरांना ते जड जात नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. त्या शिक्षणाला इंग्रजीचा हा वर्ग जोड म्हणून असावा. घरच्या भाषेची जागा त्याने घेऊ नये. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्हींना जोडणारी बालशिक्षणाची परंपराही हेच सांगते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले, ताराबाई मोडक यांनी तेथे त्यांच्याबरोबर काम केले आणि पुढे ते काम महाराष्ट्रात नेले. गाणे, गोष्ट आणि खेळ हेच तेथे शिक्षणाचे अंग होते आणि मुलाची स्वतःची भाषा हा त्याचा पाया होता.

मूल मराठीत बोलले तर रागावू नये. त्याचा आशय इंग्रजीत परत द्यावा. ‘ताई, मला लाल चेंडू हवा’ असे ते म्हणाले, की ‘यू वॉन्ट द रेड बॉल? हिअर यू आर’ म्हणून चेंडू द्यावा. चुकीचे वाक्यही असेच सुधारावे. ‘ही गो होम’ असे मूल म्हणाले, तर ‘येस, ही गोज होम’ म्हणून पुढे जावे. मध्येच थांबवून व्याकरण सांगितले, की पुढच्या वेळी ते मूल तोंड मिटून बसते.

अक्षरे

या वर्गात अक्षरओळखीची घाई नको. पहिले पाच-सहा महिने कान आणि तोंड यांनाच द्यावेत. त्यानंतर, आणि सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांबाबतच, गाण्यात मुरलेल्या शब्दांची पहिली अक्षरे घ्यावीत आणि अक्षराच्या नावाआधी त्याचा ध्वनी द्यावा. शाळेत वर्णमाला सुरू झाली असेल तर तिचे गृहपाठ येथे आणू नयेत.

पालकांशी बोलणे

पहिल्याच बैठकीपूर्वी पालकांना बोलावून दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. मुलाला पाहुण्यांसमोर इंग्रजी म्हणून दाखवायला लावू नये, आणि ‘आज काय शिकलास?’ असे रोज विचारू नये. त्याऐवजी आठवड्याचे गाणे आणि एक खेळ त्यांना सांगावा, म्हणजे भाजी निवडताना किंवा आंघोळीच्या वेळी तो घरी खेळता येतो. ज्या आजीला इंग्रजी येत नाही तिला नातवाने शिकवावे असे सुचवले, तर फार चांगला परिणाम होतो; शिकवणारे मूल तीच ओळ न कंटाळता अनेकदा म्हणते.

परीक्षा घेऊ नये. एका वहीत प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवावे आणि आठवड्यातून एकदा तीन गोष्टी लिहाव्यात : कोणती आज्ञा त्याने दुसऱ्याकडे न पाहता पाळली, कोणते वाक्य त्याने आपणहून म्हटले आणि कोणत्या ओळीत स्वतःचा शब्द घातला. एखाद्या पानावर महिनाभर पहिल्याच गोष्टीची नोंद होत असेल तर काळजीचे कारण नाही, पण तीही होत नसेल तर ते मूल नीट ऐकू शकते ना, हे पालकांना सौम्यपणे विचारावे. गटातली बहुतेक मुले एखादे गाणे तुमच्याविना चालवू लागली, की ते पंधरा दिवस बाजूला ठेवावे, नवे घ्यावे, आणि नंतर जुने पुन्हा काढून त्यातले दोन शब्द बदलून पाहावेत.